गिफ्ट घ्यायला या, मॅडमना सोबत आणा : हॉलिडे मेंबरशिपच्या बैठकीला जाण्याआधी, गेल्यावर आणि सही झाल्यावर

फोन बहुतेक दुपारी येतो. "सर, तुम्ही प्रदर्शनात कूपन भरलं होतं ना? तुमचा नंबर निघालाय. तीन रात्री, चार दिवसांचं हॉटेल व्हाउचर आणि एक घरगुती वस्तू. फक्त मॅडमना सोबत आणा, गिफ्ट जोडप्यालाच मिळतं."

कूपन आपण खरंच भरलेलं असतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही एखादं प्रदर्शन लागतं, कपड्यांच्या मोठ्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर काचेचा डबा ठेवलेला असतो, आणि आपण नाव, मोबाइल, व्यवसाय, घर स्वतःचं की भाड्याचं, गाडी कोणती, एवढं सगळं त्यात लिहून टाकतो. त्या कागदावरून ते माणसं निवडतात. लग्न झालेला, नोकरीवाला किंवा बागायतदार, दारात चारचाकी. नंबर निघतो तो असा.

आमचे दाजी यावल तालुक्यात केळी करतात. त्यांचाही नंबर असाच निघाला. संध्याकाळी पाचला ते आणि आक्का शहरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये गेले आणि साडेआठला साडेतीन लाखांच्या मेंबरशिपवर सही करून बाहेर पडले. हातात चांदीचं नाणं आणि एक चकचकीत फाइल. त्यातून बाहेर पडायला पुढे आम्हाला चौदा महिने लागले. त्या काळात मी ती फाइल ओळ न् ओळ वाचली आणि अशा दोन बैठकांना स्वतः जाऊन बसलो. तेव्हा जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. कोणाची तरी सही थांबावी, एवढ्यासाठीच.

हे विकतात तरी काय

टाइमशेअर, म्हणजे आपल्याकडची हॉलिडे मेंबरशिप. ठरावीक वर्षं, बहुधा दहा किंवा पंचवीस, दरवर्षी ठरावीक रात्री कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क तुम्ही आगाऊ विकत घेता. ही पद्धत १९६०च्या दशकात युरोपात सुरू झाली आणि १९८०च्या दशकात भारतात आली. यात जागा तुमच्या नावावर होत नाही. सातबारा नाही, खरेदीखत नाही. "प्रॉपर्टीसारखीच समजा" असं कोणी म्हणालं, तर तो शब्द करारात दाखवायला सांगा.

"पैसे वाढून परत मिळतील" असं म्हणाले तर तिथेच उठा. रूम नाइट्सच्या, म्हणजे हॉटेलातल्या रात्रींच्या नावाखाली परताव्याचं आमिष दाखवून पैसा गोळा करण्याचे प्रकार महाराष्ट्रात झालेले आहेत. पॅनकार्ड क्लब्स या मुंबईच्या कंपनीला सेबीने, म्हणजे गुंतवणूक बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ साली गुंतवणूकदारांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, तो याच स्वरूपाच्या योजनेबद्दल. त्यात सामान्य घरांतला पैसा अडकला.

दुसरं म्हणजे आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. युरोपीय संघात असा करार केल्यावर चौदा दिवसांत कारण न देता तो मोडता येतो. इथे काही कंपन्या स्वतःहून काही दिवसांची मुदत देतात, पण ती त्यांच्या करारात लिहिली असेल तरच आणि लिहिली असेल तेवढीच. म्हणून आपल्यासाठी सही हीच खरी वेस आहे.

फोन आला त्या दिवशी

जायचं की नाही हे फोनवर ठरवू नका. "सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा" एवढंच म्हणा. कंपनीचं पूर्ण नाव, कार्यालयाचा पत्ता, बैठक किती वेळ, गिफ्ट नेमकं काय आणि ते खरेदी न करताही मिळणार का. जो लिहून द्यायला कचरतो तो हॉलमध्ये तोंडी काय काय बोलेल, याचा अंदाज इथेच येतो.

गिफ्टसाठी आधी प्रोसेसिंग फी, कुरिअर खर्च किंवा टॅक्स मागितला, ओटीपी मागितला, कार्डाचा फोटो मागितला, तर ती बैठक नाहीच, ती सरळ ऑनलाइन फसवणूक आहे. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

बरेच जण सांगतात, "ओळखपत्र म्हणून क्रेडिट कार्ड आणा." ओळख पटवायला ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. कार्ड मागतात ते तिथल्या तिथे मशीनमध्ये घालता यावं म्हणून. दोघांची कार्डं घरी ठेवा. कार्ड नसलं की "घरी जाऊन विचार करतो" हे वाक्य आपोआप खरं होतं.

आदल्या रात्री, स्वयंपाकघरात बसून

जायचं ठरलं तर नवरा-बायकोने अर्धा तास काढावा. दोघांना बोलावतात ते उगाच नाही. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटतो, दोघं समोर असली की ती वाट बंद होते. त्यामुळे घरी काय विचारायचं ते आदल्या रात्रीच विचारून घ्यावं.

पहिलं, आपण घराबाहेर नक्की कधी पडू शकतो? खानदेशातल्या घराने हा प्रश्न स्वतःच्या कॅलेंडरवर बोट ठेवून सोडवावा. गहू-हरभरा निघतो, मुलांच्या परीक्षा संपतात, भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा आपल्याला थंड हवेच्या ठिकाणी जायचं असतं. त्यातही लग्नांच्या तिथी सांभाळायच्या. मेच्या शेवटाला पाणी असलेला शेतकरी कापूस लावायला लागतो, जूनमध्ये सगळेच पेरणीत. पुढे कापसाची वेचणी, मध्ये दिवाळी. म्हणजे मोकळे दिवस राहतात ते एप्रिल-मेमधले दोन-तीन आठवडे आणि फार तर दिवाळीनंतरचे चार दिवस. नेमके हेच दिवस सगळ्या देशाच्या सुट्टीचे. मेंबरशिपमध्ये वर्षाचे हंगाम पाडलेले असतात आणि गर्दीच्या हंगामाचा दर सगळ्यात महाग. दाजींना परवडणारी म्हणून जी विकली, तिच्यात मे महिना बसतच नव्हता. ऑगस्टमध्ये थंड डोंगरावर जायचा हक्क त्यांनी विकत घेतला होता, आणि ऑगस्टात केळीचा बाग सोडून ते कुठे जाणार? हंगामाचा तक्ता फाइलमध्ये होता, पण सहीच्या आधी त्यांना तो कोणी उघडून दाखवला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

दुसरं, गेल्या पाच वर्षांत आपण किती वेळा, कुठे, किती रात्री गेलो आणि नुसत्या राहण्याला किती खर्च आला, हे कागदावर मांडा. शिर्डी, शेगाव, पंढरपूर धरून मांडा, कारण आपली बरीचशी फिरती देवाची असते आणि तिथे आपण भक्तनिवासात उतरतो.

तिसरं, एक वाक्य ठरवून ठेवा, दोघांचं एकच. आज काहीही झालं तरी सही नाही, पैसे नाहीत. आमच्या घरी तर खूण ठरली होती : बायकोने पर्स मांडीवरून खांद्याला लावली की उठायचं.

हॉलमध्ये

गाण्यांचा आवाज जरा मोठाच असतो. गोल टेबलं, प्रत्येकावर एक जोडपं आणि एक गोड बोलणारा मुलगा किंवा मुलगी. पहिला अर्धा तास मेंबरशिपचा विषयही निघत नाही. मुलं किती, लहानपणी कुठे फिरलात, आई-वडिलांना कधी विमानात बसवलंत का. आक्कांना विचारलं, "ताई, लग्नानंतर तुम्हाला दादांनी कुठे नेलं?" आक्का गप्प बसल्या. दाजी म्हणतात, माझी सही त्याच क्षणी झाली, पेन नंतर हातात आलं. मध्येच एखाद्या टेबलावर टाळ्या वाजतात, "नवीन मेंबर झाले" म्हणून घोषणा होते. आपण मागे राहतोय असं वाटतं.

मग येतो तो कागद. कोऱ्या पानावर विचारतात, वर्षाला फिरायचा खर्च किती? तुम्ही म्हणता चाळीस हजार. महागाई १० टक्के धरू, २५ वर्षं. कॅल्क्युलेटर तुमच्याकडे फिरवून दाखवतात, बेरीज ३९ लाखांच्या वर. "आणि आम्ही मागतोय फक्त साडेतीन लाख."

ही बेरीज चुकीची नाही, म्हणूनच ती धोक्याची आहे. पण त्या चाळीस हजारांत तुम्ही रेल्वेचं तिकीट, गाडीचं डिझेल, जेवण, खरेदी सगळं धरलेलं असतं. मेंबरशिप यातलं काहीच देत नाही, फक्त खोली देते. त्याच कागदाच्या पाठीमागे आपला हिशोब मांडा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या ऑफरचे त्या जागी घाला.

साडेतीन लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २४,५०० रुपये व्याज येतं. तेवढ्यावर आपण पाणी सोडतो. वार्षिक देखभाल शुल्क, ज्याला ते एएमसी म्हणतात, धरा १५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७००. दोन्ही मिळून ४२,२००. वर्षाला सहा रात्री मिळणार असतील तर एका रात्रीचे सात हजारांवर गेले. प्रवास वेगळा, जेवण वेगळं. त्या दरात तुम्हाला हव्या त्या गावात, हव्या त्या तारखेला, कुठलीही सही न करता चांगली खोली मिळते. शिवाय पंचवीस वर्षांनी ते साडेतीन लाख परत येत नाहीत, बँकेतले येतात.

हप्त्याने घेतलं तर आणखी एक थर. ५०,००० आधी भरून उरलेले तीन लाख ४८ हप्त्यांत, वर्षाला १५ टक्के व्याजाने घेतले तर हप्ता बसतो सुमारे ८,३५० आणि नुसत्या हप्त्यांचा भरणा चार लाखांच्या वर. साडेतीन लाखांची वस्तू साडेचार लाखांना पडते.

आणि एएमसी तुम्ही गेलात किंवा नाही गेलात तरी द्यावीच लागते. दरवर्षी वाढते. वाढीला वरची मर्यादा आहे का, हे करारात शोधा. एखाद्या वर्षी भरली नाही तर बुकिंग बंद होतं आणि थकबाकीवर व्याज लागतं.

ऐकायचं तेवढं ऐकून झालं की एक मागणी करा. मला इतकी परिणामकारक गोष्ट दुसरी सापडली नाही. "ॲप उघडा, आणि येत्या मेच्या दुसऱ्या आठवड्यात चार माणसांसाठी महाबळेश्वर किंवा मनालीची खोली मला आत्ता दाखवा, याच मेंबरशिपवर." माझ्या दोन्ही बैठकांत उत्तर आलं, "मेंबर झाल्यावर लॉगिन मिळतं." त्यांच्या कोणत्याही मेंबरला दिसणारी गोष्ट ते विकताना दाखवू शकत नाहीत, एवढं कळणं पुरेसं आहे.

किंमत उतरायला लागते ती शेवटच्या तासात. साडेपाच लाख, मग मॅनेजर येऊन सव्वाचार, मग मुंबईला फोन लावून साडेतीन. "फक्त आज, हॉलमधून बाहेर पडलात की नाही." जी किंमत एका तासात दोन लाखांनी उतरते ती उद्या पुन्हा मिळणार नाही, यावर विश्वास ठेवू नका. कराराची कोरी प्रत घरी वाचायला मागा. आजवर कोणी मला ती दिलेली नाही.

नाही कसं म्हणायचं

आपली माणसं आकड्यांत फसत नाहीत. केळीचा भाव आणि कापसाचा कट्टी-वजनाचा हिशोब तोंडी करणारी माणसं आहेत ही. अडकतात ती भिडेपायी. समोरच्याने चहा पाजला, नाश्ता दिला, तीन तास घसा कोरडा केला, आता तोंडावर नाही कसं म्हणावं? भीड ही भिकेची बहीण, हे ठाऊक असूनही जीभ उचलत नाही.

म्हणून कारण सांगू नका. "पैसे नाहीत" म्हणालात की हप्ता पुढे येतो. "वेळ नाही" म्हणालात की दहा वर्षं पुढे ढकलायची सोय निघते. "भावाला विचारतो" म्हणालात तर "सर, तुमच्या घरात निर्णय तुम्ही घेत नाही?" असं विचारतात आणि माणूस चिडून सही करतो. कारण हाच त्यांचा पुढचा धागा असतो. "आम्हाला नको आहे. तुमचा वेळ दिलात, आभार." हेच वाक्य तिसऱ्यांदा उच्चारताना खुर्ची मागे सरकवा. मी तर दुसऱ्या बैठकीत सरळ अहिराणीत म्हणालो, "माले नही पायजे, भाऊ." स्वतःच्या बोलीत नकार जास्त पक्का निघतो, असा माझा अनुभव आहे. तो मुलगा अमळनेरकडचा निघाला. हसला आणि त्याने व्हाउचर काढून दिलं.

त्या मुलांवर राग काढू नका. टार्गेट त्यांच्याही डोक्यावर असतं.

व्हाउचर हातात पडल्यावर

हॉलमधून निघण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. "मोफत" म्हणजे बहुधा फक्त खोलीचं भाडं. नोंदणीसाठी पंधरा-वीस दिवसांची मुदत आणि काही शुल्क, दोन-तीन पर्यायी तारखा दीड-दोन महिने आधी कळवायच्या, दिवाळी, नाताळ, जोडून आलेल्या सुट्ट्या वर्ज्य, माणशी रोजचं जेवण सक्तीचं, असं त्यात असतं. आमच्या व्हाउचरवर दोन माणसांचं तीन दिवसांचं सक्तीचं जेवण आणि "युटिलिटी चार्ज" मिळून त्याच गावातल्या साध्या हॉटेलच्या भाड्याइतकी रक्कम होत होती. आम्ही ते वापरलं नाही. तुमचं गणित वेगळं निघालं तर जरूर वापरा, पण आधी त्या हॉटेलला थेट फोन करून हे व्हाउचर चालतं का विचारा. कबूल केलेलं गिफ्ट द्यायचंच नसताना आमिष म्हणून दाखवणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

सही झालीच असेल तर

लाजू नका आणि वाट पाहू नका. दाजींनी आम्हाला पाच महिन्यांनी सांगितलं, तोवर ५०,००० आणि पाच हप्ते, मिळून सुमारे ९२,००० गेले होते. घरी कोणी हसेल म्हणून ते गप्प राहिले. तेवढ्यात करारात दिलेली रद्द करण्याची मुदत निघून गेली होती.

त्याच रात्री करारात रद्द करण्याचं कलम शोधा. मुदत सहीपासून मोजायची की पैसे भरल्यापासून, ते पाहा. मग हॉलमध्ये बोललेल्या गोष्टी त्या मुलाला व्हॉट्सॲपवर लिहा : "आज आपण सांगितलं की मे महिन्यात बुकिंग मिळेल आणि एएमसी वाढणार नाही, बरोबर ना?" उत्तर आलं तर तो पुरावा झाला. हिशोबाच्या त्या कागदाचाही फोटो ठेवा.

दुसऱ्या दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हीने पत्र पाठवा, पोहोच जपून ठेवा. मजकूर एवढाच पुरे :

"दिनांक … रोजी … येथे झालेल्या बैठकीत मी सदस्यत्व अर्जावर सही केली व रु. … भरले. हे सदस्यत्व मी आजपासून रद्द करीत आहे. भरलेली संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत माझ्या खात्यात परत करावी. पुढील हप्ते खात्यातून वळते करण्याची संमती मी मागे घेत आहे."

फोनवर "सर, रिटेन्शन टीम बोलेल, ऑफर वाढवून देतो" असं म्हणतील. लेखी द्या म्हणा आणि फोन ठेवा.

हप्त्यांचं मात्र जपून. हप्ता कंपनीच घेत असेल तर बँकेत जाऊन खात्यातून पैसे वळते करण्याची परवानगी लेखी अर्जाने थांबवता येते. पण फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर कर्ज काढलं असेल, तर ते कर्ज वेगळं आणि मेंबरशिप वेगळी. नुसता हप्ता बुडवला तर तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, बिघडतो आणि उद्या पीककर्जाच्या किंवा घरकर्जाच्या वेळी ते आडवं येतं. अशा वेळी फायनान्स कंपनीलाही त्याच दिवशी वादाचं पत्र द्या.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बरीच प्रकरणं तिथे मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. करारात "वाद फक्त अमुक शहरातच" असं छापलेलं असतं आणि ते वाचून लोक घाबरतात. पण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. यावलच्या माणसाने जळगावला, शहाद्याच्या माणसाने नंदुरबारला. लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी मध्यस्थ लवादाकडे न्यायचा अशी अट, असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. कागद कसे लावायचे याला अडलात तर ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते मदत करतात.

दाजींचं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. हेल्पलाइनची तक्रार आणि मागोमाग दोन पत्रं गेल्यावर "प्रशासकीय खर्च" कापून ६१,००० परत आले. ३१ हजार गेले ते गेलेच.

त्यानंतर वर्षभराने त्यांना आणखी एक फोन आला. जुन्या मेंबरशिपला गिऱ्हाईक आहे, पाच लाख मिळतील, फक्त ट्रान्सफरचे १८ हजार आधी भरा. आपली नावं असलेल्या याद्या बाजारात फिरतात, आणि एकदा सही केलेल्याचं नाव त्यात जास्त मोलाचं असतं. मेंबरशिप विकून देतो, अडकलेले पैसे काढून देतो, पण आधी फी भरा, असा फोन आला तर तो तिथेच ठेवा आणि नंबर १९३० वर कळवा. दाजींनी या वेळी फोन स्पीकरवर ठेवून आक्कांच्या हातात दिला.